ठोके थांबलेले दिसतात तेव्हा

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

गरोदर बाईला वाईट बातमी कशी सांगावी, हे कनिष्ठ निवासी डॉक्टरांना शिकवण्याचे काम तुझ्याकडे आले आहे आणि त्यासाठी तू ‘स्पाइक्स’च्या सहा पायऱ्यांची स्लाइड केली आहेस. ती असू दे. मात्र २००० साली मांडलेली ती पद्धत कर्करोगाच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांसाठी बसवली होती. तिथे रिपोर्ट आधी हाती येतो, खोली निवडता येते, खुर्ची जवळ ओढता येते. सोनोग्राफीत बातमी आपल्याला कळते त्याच क्षणी बाई आपला चेहरा वाचत असते. तिच्या पोटावर जेल असते आणि प्रोब आपल्या हातात. तेव्हा मुलांना सर्वांत आधी ते पहिले अर्धे मिनिट शिकव.

‘मला ठोके नीट पाहायचे आहेत, म्हणून थोडा वेळ गप्प राहीन, झाले की आधी तुम्हालाच सांगेन,’ हे वाक्य त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घे. १९९४ च्या कायद्याने बंदी आहे ती गर्भाचे लिंग सांगण्यावर. आपण मात्र त्या आडोशाने सगळेच बोलणे बंद करून टाकले आहे. खात्री झाल्यावर ‘ठोके सापडत नाहीत’ असे म्हणू नये. ते ऐकून बाई मशीनला दोष देते आणि दुसऱ्या सेंटरची रिक्षा पकडते. ‘बाळाचे ठोके थांबले आहेत, बाळ गेले आहे,’ असे स्पष्ट सांगावे आणि मग खरोखर गप्प बसावे. हे गप्प बसणेच मुलांना सर्वांत जड जाते.

हे मी चुकून शिकलो. निवासी डॉक्टर असताना चौतीस आठवड्यांच्या एका बाईला मी ‘रिपोर्ट मॅडमना दाखवा’ एवढेच म्हणालो होतो. तिच्या दिराने ठाण्याहून परतताना लोकलमध्ये पाकीट उघडले आणि कळवा जाऊन मुंब्रा येईपर्यंत, गर्दीत उभ्याउभ्या, तिला सगळे कळले. दुसऱ्या दिवशी तिने एकच विचारले, ‘तुम्हाला कालच माहीत होते ना?’

नवऱ्याला किंवा सासूला व्हरांड्यात गाठून आधी सांगण्याची आपल्याकडची सवय मोड. ‘कोणाला आत बोलावू?’ हे तिलाच विचारावे.

अठरा ते वीस आठवड्यांच्या तपासणीत व्यंग दिसले, तर गर्भपाताच्या कायद्याची मुदत सांगणे हाही बातमीचाच भाग असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर चोवीस आठवड्यांपुढे गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. म्हणून ‘पंधरा दिवसांनी बघू’ हे वाक्य तिच्या हातचे दिवस खाते. घाई मात्र करू नये. दुसरी भेट लवकरची, ठरलेल्या वेळेची द्यावी. नोकरी करणारी असेल, तर गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते, हेही तिला सांगावे. आपल्यापैकी फार थोडे जण ते सांगतात. आणि तिची खाट नवजात बाळांच्या शेजारी लावू नये, हे सिस्टरना आधीच सांगून ठेवावे.

सरावात रुग्णाची भूमिका इंटर्नला देऊ नकोस, कारण ती मुले फार लवकर रडतात किंवा हसतात. सोनोग्राफीच्या खोलीतल्या मावशींना टेबलावर झोपव. अशा बायकांना हात धरून त्यांनीच खाली उतरवलेले असते. कोणता डॉक्टर काय बोलला आणि कोण मान खाली घालून लिहीत बसला, हे त्यांच्या चांगले लक्षात असते. जेल आणि ते पुसायचा कागद मात्र खरा ठेव, आणि कागद मुलांनीच पुढे करायचा.