थकबाकी यायच्या आधीच खर्चाला लागली

अमळनेर तालुक्यातल्या लष्करातून निवृत्त झालेल्या एका हवालदारभाऊंचं पत्र आहे. 2021 मध्ये घरी आले, शेवटचा पगार 45 हजार. बीपी नोकरीतच लागलं. मेडिकल बोर्डाने 30 टक्के अपंगत्व लिहिलं, पण शेरा मारला की दुखणं सेवेमुळे नाही आणि सेवेने वाढलेलंही नाही. डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली गेली, भाऊंनी अपील केलं नाही. आता गावातला एक ‘जाणकार’ म्हणतो, 12 लाख थकबाकी काढून देतो, 30 टक्के माझे. केस लावू का?

लावा. पण पत्राची शेवटची ओळ वाचून मी हातातला चहा खाली ठेवला: ‘थकबाकी आली की डिसेंबरचा विमा पॉलिसीचा हप्ता सुटेल.’

भाऊ, पत्रासोबतच्या फोटोतलं पॉलिसीचं पान मी मोठं करून वाचलं. ‘प्रीमियम भरण्याची मुदत: 12 वर्षे.’ तुम्हाला बँकेत सांगितलं होतं, 3 लाख एकदाच भरा. 2023 चा हप्ता फंडाच्या पैशातून गेला, दुसरा वहिनींची पोत गहाण ठेवून. म्हणजे 36 लाखांचं ओझं, आणि पेन्शन निम्मी विकलेली. केळीला भाव मिळाला तरी हे जमणार नाही.

तिसरा हप्ता भरू नका. दोन हप्ते गेलेत, म्हणून पॉलिसी पेड-अप होईल, म्हणजे पुढे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू राहील, आणि 18 वर्षांनी साधारण 6 लाख हातात येतील. आज सरेंडर केलीत, म्हणजे बंद करून पैसे मागितलेत, तर पॉलिसी घेतली तेव्हाच्या नियमाने भरलेल्या पैशाचे किमान 30 टक्के, म्हणजे 1 लाख 80 हजार. नुकसान मोठं आहे, पण सोनं 10 टक्क्यांनी गहाण आहे. त्या व्याजाने 1 लाख 80 हजारांचे 18 वर्षांत 10 लाख होतात. आधी पोत सोडवायला लागा.

मात्र सरेंडरच्या कागदावर सही करण्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार टाका: वार्षिक पॉलिसी ‘एकदाच’ सांगून विकली. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील नाही. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणत नाही. ‘खात्रीने’ हा शब्द तुम्ही पुरेसा ऐकलाय.

आता केस. 100 टक्के अपंगत्वाला पगाराच्या 30 टक्के मिळतात. तुमचं 30 टक्के अपंगत्व राउंड होऊन 50 धरलं, तर महिना 6,750 आणि वर महागाई भत्ता. उशिरा आलेल्याला, सुप्रीम कोर्टाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालापासून, बहुतेक वेळा मागची तीनच वर्षं देतात. सगळं धरून साडेतीन लाखांच्या आसपास. 12 लाख कुठून आले ते जाणकारालाच विचारा. आणि तो वकील असेल तर निकालातला टक्का ठरवून घ्यायला त्याला बार कौन्सिलच्या नियमातच मनाई आहे.

बाजू मात्र तुमची बरी आहे. भरतीच्या वेळी कागदावर आजार नसेल, तर तो सेवेतला नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर, असं सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात म्हटलंय. आधी खात्याकडे अपील, उशिराचं कारण लिहून. मग मुंबईचं सशस्त्र दल न्यायाधिकरण. वर्ष-दोन वर्षं सहज जातील, डिसेंबर त्यात बसत नाही.

बोर्डाच्या कागदांची प्रत काढा. बीपी पहिल्यांदा लागलं तेव्हा पोस्टिंग कुठे होती, ते पान मला पाठवा. पॉलिसीचं नको, ते पाहिलं.