जुगलबंदी, साथ आणि सहयोग

बीटल्सचे गायक-गीतकार पॉल मॅकार्टनी आणि पिंक फ्लॉइड या रॉक चमूचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी एकत्र केलेल्या ध्वनिमुद्रणांवर लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘कोलॅबोरेशन’साठी मराठीत ‘जुगलबंदी’ म्हणावे का, कारण ‘सहयोग’ त्यांना सरकारी परिपत्रकातला शब्द वाटतो. अडचण खरी आहे. पण या उदाहरणात ‘जुगलबंदी’ वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘जुगल’ म्हणजे संस्कृत ‘युगल’. यमुनेची जमुना झाली, तोच हा बदल. ज्या ‘युज्’ धातूपासून ‘युगल’ आला, त्याच धातूच्या ‘युग’ या रूपापासून मराठीत बैलांच्या मानेवरचे ‘जू’ आले. जुवाखाली दोन्ही बैलांवर भार सारखा असावा लागतो, आणि जुगलबंदीतही दोन्ही कलाकार प्रमुखच असतात. बिस्मिल्ला खाँ यांची सनई आणि व्ही. जी. जोग यांचे व्हायोलिन एकत्र ऐकावे: एकाने मांडलेली सुरावट दुसरा उचलतो, थोडी पुढे नेतो आणि परत पहिल्याच्या हवाली करतो. मैफल कोणाची, असे विचारले तर एकच नाव सांगता येत नाही.

मॅकार्टनी यांचे १९८४चे ‘नो मोअर लोन्ली नाइट्स’ या कसोटीवर पाहू. गाणे त्यांचे, चाल त्यांची, गळाही त्यांचाच; पिंक फ्लॉइडचे गिल्मर त्यात गिटार वाजवतात आणि गाणे संपत आले की ती गिटार पुढे येऊन मनात रेंगाळते. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: साथ. क्रियापदही जपून निवडावे. ‘साथ दिली’ असे आता सर्रास लिहिले जाते, पण त्यात अडचणीच्या वेळी पाठीशी उभे राहिल्याचा अर्थ मिसळतो. पेटीवर, तबल्यावर किंवा गिटारवर ‘साथ केली’ म्हटले की फक्त संगीताचाच अर्थ उरतो. या शब्दाने गिल्मर यांना कमीपणा येईल ही भीती मला पटत नाही, कारण चांगल्या साथीने गाणे कसे उभे राहते हे मराठी श्रोत्याला वेगळे सांगावे लागत नाही. १९९९च्या ‘रन डेव्हिल रन’ या संग्रहात मॅकार्टनी जुन्या रॉक अँड रोल गाण्यांकडे वळले, तेव्हा गिटारवर पुन्हा गिल्मर होते. त्याच वर्षी डिसेंबरात लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्येही ते मॅकार्टनी यांच्याबरोबर वाजवायला उभे राहिले. तेथे ते साथीदार.

मात्र प्रत्येक वेळी ‘साथ’ही चालणार नाही. ॲलन पार्सन्स प्रोजेक्ट या ब्रिटिश रॉक चमूचे १९८२चे ‘ओल्ड अँड वाइज’ हे गाणे कॉलिन ब्लनस्टन गायले आहेत. १९६४ साली झॉम्बीज या पॉप चमूच्या ‘शीज नॉट देअर’मधून ज्यांचा हळवा, श्वास मिसळलेला आवाज लोकांच्या कानांत बसला, तेच हे गायक. येथे ज्येष्ठ पॉप गायक पाहुणा आहे, तरी मुख्य आवाज त्याचाच असल्यामुळे ‘ब्लनस्टन यांनी साथ केली’ हे वाक्य चुकीचे ठरेल. आकाशवाणीच्या निवेदनातील जुना, साधा शब्द येथे चपखल बसतो: ‘स्वर कॉलिन ब्लनस्टन यांचा’. त्याच गाण्याच्या अखेरीस किंग क्रिम्सन या रॉक चमूतून आलेले मेल कॉलिन्स सॅक्सोफोन वाजवतात. ती मात्र साथ. एकाच गाण्याला दोन शब्द लागतात, आणि इंग्रजीतला तो एक ऐसपैस शब्द हा भेद पोटात घालून टाकतो.

‘सहयोग’ शब्दावर राग धरण्याचे कारण नाही. त्यातला ‘योग’ही त्याच ‘युज्’ धातूचा. निमंत्रणपत्रिकांतल्या ‘यांच्या सहयोगाने’मुळे तो कोरडा वाटू लागला इतकेच. सगळ्या प्रकारांना एका छत्राखाली आणणाऱ्या शीर्षकात तो शोभेल. प्रश्नकर्त्यांनी लेखाचे नाव ‘मॅकार्टनी आणि गिल्मर यांचा सहयोग’ असे ठेवावे आणि आत लिहावे: ‘मॅकार्टनी यांच्या गाण्याला गिल्मर यांनी गिटारवर साथ केली.’