व्हिडिओ खूप बघतो, तरी मार्क का येत नाहीत?

"मॅडम, आमचा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे, म्हणजे बघूनच शिकणारा. पुस्तक त्याला झेपतच नाही बघा." सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहणाऱ्या एका आईची ही काळजी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा दहावीत. कुठल्याशा ऑनलाइन चाचणीत तसा निकाल आला आणि तेव्हापासून अभ्यास म्हणजे मोबाइल. वडील यंत्रमागावर, घरी आले की मोबाइल फोडायची भाषा.

मी मुलाला म्हटलं, "कसा बघतोस ते दाखव बरं." त्याने बहिर्वक्र भिंगाचा व्हिडिओ दीडपट वेगाने लावला, मान डोलावत संपवला. "समजलं." मी कोरा कागद पुढे सरकवला. वस्तू नाभीच्या (समांतर किरण भिंगातून जाऊन जिथे मिळतात तो बिंदू) जरा पलीकडे आहे, प्रतिमा काढ. भिंग काढलं, वस्तूचा बाण काढला. अक्षाला समांतर किरण भिंगापर्यंत नेला आणि पलीकडेही तसाच सरळ ओढला. तो नाभीकडे वळायला हवा होता. पेन्सिल थांबली. "आत्ता तर कळलं होतं," म्हणाला. खरंच वाटलं असणार. आकृती दुसरा कुणी काढत असतो तोवर आपलं कुठे अडतं ते दिसतच नाही.

आईला मी स्पष्ट सांगितलं, तो शिक्का आधी काढा. 2008 साली मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. मुलाचा 'प्रकार' ठरवून तसं शिकवल्याने शिकणं वाढतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. चांगलं चित्र सगळ्याच मुलांच्या कामाला येतं. वस्तू नाभीकडे सरकवत नेली की प्रतिमा लांब जाते, मोठी होते. हे सरकणं छापील पानावर कसं दिसणार? तिथे व्हिडिओ हवाच. धडा नुसता वाचून दाखवणाऱ्या व्हिडिओपेक्षा मात्र पुस्तक बरं.

मग आम्ही व्हिडिओ निवडला: मागे संगीत नाही, आणि सर ज्या किरणाबद्दल बोलतात त्यावरच पेन फिरतं. वेग नेहमीचा. प्रत्येक किरणाआधी थांबवायचं, तो कुठे जाईल ते वहीत काढायचं, मगच पुढे. शेवटी मोबाइल पालथा ठेवून पूर्ण आकृती, आणि दुसऱ्या दिवशी न बघता परत.

"म्हणजे मोबाइल द्यायचा?" वडिलांनी विचारलं. द्या, पण शेजारी वही उघडी पाहिजे.

पुढच्या भेटीत आकृती बरोबर आली. भिंगाच्या गणितात मात्र वस्तूच्या अंतराला ऋण चिन्ह द्यायचं राहत होतं. त्यासाठी तो नवा व्हिडिओ शोधायला लागला, तेव्हा मी स्वाध्यायातली उदाहरणं सोडवायला बसवलं.