बॅकहोच्या जोरावर ट्रॅक्टर उचलावा का?

प्रश्न : माझ्या ट्रॅक्टरला पुढे लोडर (माती उचलणारी बकेट) आणि मागे बॅकहो (टोकाला बकेट असलेली खोदाईची भुजा) आहे. पावसाळ्यात चिकोडी भागातील काळ्या रानात चर काढताना मागची चाके रुततात. तेव्हा चालक बॅकहोची बकेट जमिनीवर दाबून मागचा भाग उचलतो आणि बूम (बॅकहोची मुख्य भुजा) फिरवून ट्रॅक्टर बाजूला सरकवतो. हे यंत्राला घातक आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : बॅकहो कशावर बसवला आहे, हे आधी पाहावे. तो केवळ तीन-बिंदू लिंकेजवर (मागे अवजार जोडण्याच्या खालच्या दोन आर्म व वरच्या एका दांड्यावर) टांगलेला असेल, तर हा प्रकार मुळीच करू नये. ट्रॅक्टरची लिफ्ट खालचे आर्म उचलते, त्यांना खाली दाबून धरत नाही. त्यामुळे बकेट दाबताच ट्रॅक्टरऐवजी बॅकहोच वर उसळू शकतो, आणि टॉप लिंक (वरचा दांडा) तुटली तर त्याच्या आसनावरचा चालक ट्रॅक्टरवर चिरडला जाण्याची भीती असते. मात्र बॅकहोची मजबूत सबफ्रेम (आधाराची लोखंडी चौकट) ट्रॅक्टरच्या सांगाड्याला बोल्टने घट्ट जोडलेली असेल, तर बेताने उचलण्यास हरकत नाही.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ब्रेककडे. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांवर लागतात. ती जमिनीपासून सुटली की ब्रेक लावलेला असूनही ट्रॅक्टर पुढच्या चाकांवर घरंगळू शकतो. म्हणून लोडरची बकेट आधी जमिनीवर टेकवून पुढचा भाग रोखावा. खानापूरकडच्या उताराच्या शेतात तर हा प्रयोग टाळलेलाच बरा.

बॅकहोच्या बकेटचे दात न रोवता तिचा सपाट तळ टेकवावा. ओल्या काळ्या मातीत तोही खचतो, त्यामुळे खाली जाड फळ्या घालाव्यात. बॅकहोच्या बाजूचे आधाराचे जॅक वर घ्यावेत, चाक सरळ वर उचलून चिखलातून पूर्ण मोकळे करावे आणि मगच बूम सावकाश फिरवावा. आपला चालक बहुधा इथेच घाई करत असेल. बूम फिरवण्याचे सिलिंडर भरलेली बकेट वळवण्यासाठी असतात, रुतलेला ट्रॅक्टर ओढण्यासाठी नव्हे. चाक चिखलात असताना जोर लावला, तर सांध्यांच्या पिना आणि बुश लवकर झिजतात.

पुढेच सरकायचे असेल, तर बूम मधोमध ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये आणि ब्रेक मोकळा करून, लोडर वर घेऊन, मागे टेकवलेल्या बकेटने रेटा देणे यंत्राला अधिक सोसते. पुढे मात्र कोणी उभे नसावे. चाकाखाली दगड सारण्यासाठी उचललेल्या ट्रॅक्टरखाली कोणालाही जाऊ देऊ नये, कारण हायड्रॉलिकची एक नळी फुटली तरी तो खाली येतो. दगड लांब दांड्याच्या फावड्याने ढकलावेत. काम संपल्यावर सबफ्रेमचे बोल्ट तपासून पिनांना ग्रीस द्यावे.