फ्लाय नंतर, आधी खोली

वाचकांचे प्रश्न : मोठ्या जलाशयातले ट्राउट

या वेळचे बहुतेक प्रश्न इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांचे आहेत. तिथल्या पाणीपुरवठ्याच्या जलाशयांत ट्राउट सोडतात आणि फ्लायने, म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून किड्याचं रूप दिलेल्या गळाने, ते धरतात. प्रश्न वेगवेगळे असले तरी निम्म्यांची अडचण एकच आहे, आणि ती पहिल्याच प्रश्नात दिसते.

मे महिन्यात रटलँड वॉटरला काठावरून मासेमारी करतो. शेजारच्याला मासे लागतात, मला नाही. दर पंधरा मिनिटांनी फ्लाय बदलून पाहतो. काय चुकतं? (लेस्टर)

फ्लाय बदलणं हेच चुकतं. रटलँड सुमारे ३,१०० एकरांचं पाणी आहे. एम्पिंगहॅमजवळ ग्वॉश नदी अडवून ते झालं आणि १९७७पासून तिथे ट्राउटची मासेमारी चालते. एवढ्या पाण्यात मासा किती फूट खोल खातोय हे कळल्याशिवाय पेटीतली कुठलीही फ्लाय कामाची नाही.

मे महिन्यात ट्राउटचं मुख्य खाणं म्हणजे बझर. हा न चावणारा, डासासारखा किडा. त्याची अळी तळाच्या चिखलात राहते, कोष हळूहळू वर चढतो आणि पृष्ठभागावर फुटून माशी उडून जाते. या चढणीत ट्राउट त्याला कुठेही गाठतो; सकाळी तळाशी, संध्याकाळी अगदी वर.

म्हणून तीन फ्लायनी पाणी जोखा. फ्लोटिंग लाइन (तरंगणारी जाड दोरी), पुढे १६ फुटांचा लीडर, म्हणजे बारीक पारदर्शक दोरा, टोकाला १० नंबरच्या गळाचा जड बझर (त्या कोषासारखी फ्लाय), वरच्या दोन ड्रॉपरवर, म्हणजे लीडरला फुटणाऱ्या आखूड फाट्यांवर, १२ नंबरचे बारीक बझर. वारा डाव्या खांद्यावर येईल असे उभे राहा (डावखुऱ्यांनी उलट), म्हणजे लाइन अंगापासून दूर जाते. टोपी आणि चष्मा तरीही हवाच. वाऱ्याला आडवी टाका आणि मनात आकडे मोजा. पहिल्या वेळी १० सेकंदांनी लाइन गोळा करायला लागा, मग २०, मग ३०. गोळा करायची तीही बोटांवर आठाच्या आकड्यात, फक्त ढील निघेल इतकीच. लाइनला वाऱ्याने पोट पडतं आणि फ्लाय आपोआप वळत जातात. खरा कोष याहून जोरात पोहत नाही.

मासा लागला की दोन गोष्टी बघा : किती आकडे झाले होते आणि कुठली फ्लाय घेतली. टोकाची घेतली तर मासा खाली आहे. वरच्या ड्रॉपरची दोनदा घेतली तर तो वर आलाय. टोकाला हलकी फ्लाय लावा. शेजाऱ्याला विचारायचंच असेल तर फ्लायचं नाव विचारू नका, किती मोजतोस ते विचारा.

आणखी एक. पाण्यात उतरण्याआधी कोरड्या काठावरून आखूड टाकून पाहा. सकाळी ट्राउट कडेलाच असतात. कमरेइतक्या पाण्यात शिरून लांब फेकणारे बहुतेक जण माशांना आधी हाकलतात आणि मग ते जिथे नाहीत तिथे गळ टाकतात.

तीन फ्लायच्या लीडरचा सतत गुंता होतो. (बर्मिंगहॅम)

ड्रॉपर लांब असणार. ६ इंच पुरे. फ्लाय बदलताना थोडा जातो म्हणून सुरुवातीला फार तर ८. लाइनपासून पहिल्या ड्रॉपरपर्यंत ६ फूट, पुढे ५ आणि ५. दोरा फ्लूरोकार्बनचा (पारदर्शक प्लास्टिकचा), ८ पौंड ओढ सोसणारा. फार बारीक दोरा ड्रॉपरला लगेच लपेटला जातो. सगळ्यात जड फ्लाय नेहमी टोकाला.

ड्रॉपरसाठी दोऱ्याचे दोन तुकडे एकमेकांवर धरून फास करा, दोन्ही टोकं त्यातून चार वेळा काढा, थुंकीने ओलं करा आणि सावकाश आवळा. कोरडा फ्लूरोकार्बन घर्षणाने तापून कमजोर होतो, आणि मोठा मासा नेमका तिथेच सुटतो. गाठीतून निघणाऱ्या दोन शेपट्यांपैकी रॉडच्या विरुद्ध दिशेला वळलेली ठेवा, दुसरी कापा. ठेवलेली शेपटी वरच्या दोऱ्याचंच टोक असते. त्यामुळे गाठ सरकली तरी ड्रॉपरवरचा मासा लाइनशी जोडलेला राहतो.

हवेत आपोआप पडणाऱ्या गाठींना वाऱ्याच्या गाठी म्हणतात, पण दोष सहसा हाताचा असतो. पुढे फेकताना मनगट एकदम झटकलं की लाइन स्वतःलाच ओलांडते. मागे गेलेली लाइन सरळ होऊ द्या, मग जोर हळूहळू वाढवा. तशी गाठ दिसली तर तो तुकडा कापून टाका. दोऱ्याची बरीच ताकद तिथे गेलेली असते. सराव होईपर्यंत दोनच फ्लाय लावा.

लाइनला माशाची टिचकी जाणवते, मासा लागत नाही. (रेडिंग)

बझरवर असाल तर रॉडचं टोक पाण्याजवळ, लाइनच्या रेषेत धरा. टोक उंच असलं की लाइन झोल खाते आणि मासा फ्लाय थुंकून मोकळा होतो. लाइन ताणली गेली की रॉड नुसता उचला, हिसका नको. ब्लॉबसारखी भडक फ्लाय जोरात ओढत असाल तर याच्या उलट : टिचकीला रॉड उचलूच नका, लाइन जड होईपर्यंत ओढत राहा.

मग गळ तपासा. टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच ओढा. अडकलं तर धार आहे, घसरलं तर गेली. धरणाच्या दगडी उतारावरून टाकताना मागची लाइन खाली आली की गळ दगडावर बोथट होतो. आणि दर वेळी फ्लाय पाण्याबाहेर काढण्याआधी वरचा ड्रॉपर पृष्ठभागाखाली असतानाच दहा सेकंद थांबा. मागोमाग आलेला ट्राउट पुष्कळदा तिथेच घेतो.

चू व्हॅलीच्या जलाशयावर पहिल्यांदाच होडी घेणार आहोत. (ब्रिस्टल)

ड्रोग, म्हणजे पाण्यातली छत्री, होडीच्या मध्यावर वाऱ्याच्या बाजूने बांधा. होडी आडवी आणि संथ वाहत जाते आणि दोघांनाही वाऱ्याच्या दिशेने टाकता येतं. खुल्या पाण्यात ट्राउट बरेचदा वाऱ्याकडे तोंड करून चरत येतात, त्यामुळे ते तुमच्याकडेच येतात. इंजिन सुरू करण्याआधी ड्रोग आत घ्या. पंख्यात दोरी गुंतणं हा नवख्यांचा नेहमीचा घोटाळा. परत वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाताना ज्या पट्ट्यातून वाहत यायचंय त्याला लांबून वळसा घाला.

नांगर टाकायचा तर दोरी खोलीच्या किमान तिप्पट : २० फूट पाण्याला ६० फूट. ती पुढच्या टोकाला बांधा. लाटा असताना मागे बांधली तर पाणी आत येतं. लाइफ जॅकेटमधली गॅसची नळकांडी घट्ट बसली आहे का पाहा. उभं राहून टाकू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी मेल्यासारखं वाटतं. (पीटरबरो)

तेव्हा ट्राउट बहुधा डॅफ्नियामागे असतात. हे पाण्यातले सूक्ष्म जीव कडक उन्हात खाली जातात, ढग आले की वर येतात. ढगाळ सकाळी ३-४ फूट, ऊन तापलं की १२-१५ फूट किंवा त्याहूनही खाली शोधा. इथेही मोजणंच. बुडणाऱ्या लाइनपैकी डीआय-३ सेकंदाला साधारण ३ इंच बुडते, डीआय-५ पाच इंच. म्हणजे १० फुटांना पहिलीला ४० सेकंद लागतात, दुसरीला २४. टोकाला तरंगणारी बूबी (फोमचे डोळे असलेली फ्लाय) आणि वर दोन डियाल बाख (अळीसारख्या बारीक फ्लाय) बांधले की फ्लाय वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या एका पातळीत लटकतात. बूबीवर काही जलाशयांत बंधनं आहेत, कारण ती स्थिर ठेवली तर मासा खोल गिळतो. आधी विचारून घ्या.

पण तळ गाठू नका. उन्हाळ्यात मोठ्या पाण्याचे थर पडतात आणि खालच्या गार थरातला प्राणवायू संपत जातो. वरचं पाणी २० अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की पकडून सोडलेला रेनबो ट्राउट बरेचदा पोहत गेला तरी नंतर मरतो. अशा दिवशी ठरलेल्या संख्येइतके ठेवा आणि थांबा. हिरव्या रंगासारखी साय दिसली तर ती विषारी शेवाळाची असू शकते. हात घालू नका, कुत्र्याला लांब ठेवा.

मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला लायसन्स लागतं का? (स्विंडन)

हो. इंग्लंडमध्ये १३ वर्षं पूर्ण झाल्यापासून रॉड लायसन्स लागतं; १३ ते १६ वयाला ते फुकट आहे, पण काढावं लागतंच. जलाशयाचं तिकीट वेगळं.

आपल्याकडच्या धरणांत ट्राउट का सोडत नाहीत? (पुणे)

पाणी उबदार म्हणून. वर सांगितलेले २० अंश आपल्या धरणांत वर्षाचा मोठा काळ ओलांडलेले असतात, आणि अंडी घालायला थंड, वाहतं, वाळूखड्यांचं पाणी लागतं तेही नाही. भारतात ट्राउट पाहायचे तर काश्मीर किंवा हिमाचलच्या नद्या, नाहीतर निलगिरीतला अ‍ॅव्हलांच परिसर आणि मुन्नारची उंचावरची पाणी. परवान्याची चौकशी निघण्याआधी करा.