लोगनला जाताय, तर आधी चार्ल्स रिच

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या लोगनला नोकरी ठरतेय, बारा वर्षांची मुलगी बरोबर येणार, "तिथे सगळे मॉर्मन असतात म्हणे, आपलं जमेल का?" (मॉर्मन म्हणजे अमेरिकेत निघालेला एक ख्रिस्ती पंथ.) घराच्या कागदांची आणि एकटेपणाची काळजीही लिहिलीय. आणि शेवटी सहज विचारलंय, शेजारच्या रिच काउंटीला हे नाव कुणाचं. व्हिसा, विमा, लायसन्स यांचं सगळं सरकारी पानांवर आहे, ते सोडतो. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्या भागात पाणी, रविवार, शेजार आणि शाळाही अजून रिच यांच्या पिढीने घातलेल्या घडीवर चालतात.

हे नाव ज्यांचं ते चार्ल्स रिच 1809 साली केंटकीत जन्मले. 1832 मध्ये इलिनॉयमध्ये बाप्तिस्मा घेऊन मॉर्मन झाले आणि तिथून पुढे बिऱ्हाड पाठीवर. मिसुरीत फार वेस्टला संसार मांडला तो 1838 च्या फेब्रुवारीत, सारा पी यांच्याशी लग्न करून. ऑक्टोबरात मॉर्मन आणि मिसुरीची शिबंदी यांच्यात क्रुकेड रिव्हरची चकमक झाली. मॉर्मनांचे म्होरके डेव्हिड पॅटन जबर जखमी झाल्यावर तुकडीची सूत्रं रिच यांनी घेतली आणि मग अटक टाळायला राज्य सोडून पळाले. सारा मागे राहिल्या. पुढे नॉवू हे इलिनॉयमधलं मॉर्मनांचं शहर, तेही 1846 मध्ये सुटलं. आयोवातला माउंट पिस्गाचा तळ सांभाळला, 1847 च्या शरदात सॉल्ट लेकचं खोरं गाठलं, आणि 1849 मध्ये ते चर्च चालवणाऱ्या बारा प्रेषितांपैकी एक झाले.

कागदांबद्दल तुम्ही काळजीने लिहिलंय, म्हणून सॅन बर्नार्डिनोचं जरा सविस्तर सांगतो. 1851 मध्ये रिच आणि अमासा लायमन यांना कॅलिफोर्नियात वसाहत करायला पाठवलं. थोडे लोक जातील असं चर्चचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांनी धरलं होतं, निघाले चारशेच्या वर, दीडशे गाड्या घेऊन. लुगो कुटुंबाचा रँचो 77,500 डॉलरला ठरला आणि कर्जावर सह्या या दोघांनी केल्या. जमीन 80 हजार एकरांच्या वर असेल, असा त्यांचा समज होता. सरकारच्या भूमी आयोगाने मान्य केली सुमारे 35 हजार एकर. कर्ज मात्र पूर्ण रकमेचंच राहिलं. मधल्या काळात कुठली जमीन वसाहतीची हेच ठरलेलं नसल्याने लोक येऊन बळकावून बसले आणि वसाहतीतच भांडणं लागली. गहू पिकला, डोंगरावर लाकडासाठी रस्ता काढला, गिरण्या चालल्या, आणि 1857 मध्ये यूटावर अमेरिकन सरकारची फौज येतेय म्हणून सगळ्यांना परत बोलावलं. निम्म्याहून जास्त लोक मिळेल त्या भावाला घरं विकून निघाले.

म्हणून लोगनला घर घेताना सातबारा बघावा तसं एक विचाराच: पाण्याचा हिस्सा कुणाच्या नावावर आहे? तिथे जमीन आणि पाण्याचा हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने आधी पाणी वळवलं त्याचा हक्क आधी, हा नियम. बागेला, शेताला येणारं पाटाचं पाणी बऱ्याच ठिकाणी पाटकंपनीच्या शेअरवर मिळतं. घराच्या खरेदीखतात तो शेअर आपोआप येईल असं धरून चालू नका. सर्टिफिकेट मागा, कंपनीच्या दप्तरात नाव बदललं का बघा, थकबाकी विचारा, पाळी कोणत्या दिवशी किती वाजता हे लिहून घ्या. आपल्याकडच्या पाणीवाटपाची सवय असलेल्याला हे लगेच कळतं. न विचारणारा जुलैत वाळलेल्या झाडांकडे बघत बसतो.

रिच काउंटी ज्या खोऱ्यात आहे ते बेअर लेक तळ्याचं खोरं लोगनहून एका घाटापलीकडे आहे. रिच तिथे 1863 च्या सप्टेंबरात पहिली तुकडी घेऊन गेले. त्याच वर्षी जानेवारीत बेअर नदीकाठी अमेरिकन फौजेने तिथल्या मूळ रहिवाशांची, वायव्य शोशोनींची, शेकडो माणसं मारली होती, बायकामुलांसकट. ती जागा लोगनच्या उत्तरेला आहे. वसाहतीची गोष्ट ऐकताना ही बाजू कुणी गाळली तर तुम्ही गाळू नका. रिच यांनी पूर्वेकडच्या शोशोनींचे प्रमुख वॉशकी यांच्याशी बोलणी केली. तळ्याचं दक्षिण टोक त्यांच्यासाठी मोकळं ठेवायचं ठरलं. तो शब्द फार वर्षं टिकला नाही.

तळं सुमारे 5,900 फुटांवर आहे. गव्हात दाणा भरायच्या आत दहिवर गोठतं आणि पीक हातचं जातं. सुरुवातीला हे पुन्हा पुन्हा झालं. हिवाळ्यात घाट बंद, टपाल पायाला बर्फपट्ट्या बांधून डोंगर ओलांडून यायचं, साठीकडे झुकलेले धिप्पाड रिच स्वतः तसे चालत गेले आहेत. आणि 1872 च्या मोजणीत कळलं की रिच राहत होते ते पॅरिस नावाचं गाव आणि आसपासची गावं यूटात नाहीतच, आयडाहोत आहेत. नऊ वर्षं कर आणि दप्तरं एका प्रदेशात, जमीन दुसऱ्याच प्रदेशात. रिच पॅरिसलाच राहिले आणि 1883 मध्ये तिथेच वारले. सहा बायका, पन्नासच्या वर मुलं. सारा यांचा मुक्काम बराच काळ सॉल्ट लेकला होता.

या खोऱ्याला पुण्याचा एक धागाही आहे. ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश मिशनरी 1852 ते 1855 मुंबई-पुण्यात होते, मराठी शिकायला लागले होते. मोजकेच लोक त्यांच्या मागे आले, बहुतेक युरोपियन. फिंडले पुढे बेअर लेककाठी फिश हेवनला स्थायिक झाले.

आता शाळा. इथे मला शांतपणे लिहिता येत नाही. बारावं वर्ष म्हणजे तिथली मुलं वॉर्डच्या युवागटात जायला लागतात तेच वर्ष. वॉर्ड म्हणजे घराच्या पत्त्यावरून ठरणारी मंडळी. रविवार तिथे, आठवड्यातली एक संध्याकाळ तिथे. नववीपासून शाळेच्या वेळेतच एक तास सोडून मुलं शेजारच्या चर्चच्या इमारतीत सेमिनरीला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातात. 1912 पासूनची पद्धत, पालकांच्या लेखी संमतीने, शाळेच्या गुणांत न धरलेली. कायदेशीर आहे, कुणी वाईट वागत नाही. पण त्या तासाला वर्गातली मैत्री उठून पलीकडे जाते आणि तुमची मुलगी मागे राहते. प्रवेशाच्या दिवशीच काउन्सेलरकडून त्या तासाला ऑर्केस्ट्रा किंवा तिला खरंच हवा तो विषय मागून घ्या. उशीर केला तर उरलेलं काहीतरी मिळतं. युवागटाचं बोलावणं येईल, ते मनापासूनचं असतं. जायचं की नाही, आणि धर्माबद्दल विचारलं तर काय सांगायचं, हे घरात आधी बोला.

एकटेपणाबद्दल विचारलंत. पहिल्या आठवड्यात कुणीतरी पाव घेऊन दार वाजवेल. चहा विचारू नका, ते घेत नाहीत आणि नाही म्हणताना अवघडतात. कोकम सरबत द्या. 'मॉर्मन' ऐवजी 'चर्चचे सदस्य' म्हणा, आता त्यांना तेच आवडतं. बाकीचा एकटेपणा फेब्रुवारीत येतो आणि बर्फाबरोबर ओसरतो.

रिच यांना प्रत्येक वेळी वरून बोलावणं आलं आणि ते निघाले. मागचं घर आवरणं, बाळंतपण, जनावरं हे ज्यांच्यावर पडलं त्यांना कितीदा विचारलं गेलं असेल, हे त्यांचं चरित्र वाचताना मला सारखं टोचतं. तुमच्या प्रश्नात मुलीचं वय आहे, ती काय म्हणते ते नाही. तिला विचारा. ती हो म्हणाली तर ऑगस्टच्या सुरुवातीला पोचा, शाळा त्याच महिन्यात उघडते. लसीकरणाचा इंग्रजी दाखला आणि मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका हातातल्या बॅगेत ठेवा.