घरकामगारांमध्ये संघटनेचं काम सुरू करताना

पहिल्याच बैठकीत विषमता समजावायला अब्जाधीशांच्या संपत्तीचे आकडे सांगत बसू नकोस. भांडी, धुणं, लादी, पोळ्या यांचे प्रत्येकीला किती मिळतात, एवढंच विचार. एकाच सोसायटीत, तेवढ्याच माणसांच्या घरी दोघींना वेगळा पगार मिळतो हे त्यांच्याच तोंडून बाहेर आलं की बोलणं आपोआप पुढे सरकतं. वेळ दुपारची धर. सकाळ-संध्याकाळ कुणीच मोकळी नसते.

मग सगळ्यांनी मिळून दर ठरवायचा. इथे घाई नको. एकीने सोडलेलं काम दुसरीने कमी पैशात धरलं की सगळं मुसळ केरात. म्हणून शेजारच्या वस्तीतल्या बायकांशीही आधीच बोल, सोसायटीवाले बदली बाई तिथूनच आणतात. पगारवाढीबरोबर भरपगारी सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनसही मागा. पुण्यात मोलकरणींचा संप झाला १९८० साली. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा यायला २००८ उजाडलं. एवढा काळ लागतो, हे नव्या बायकांपासून लपवू नकोस.

मंडळात १८ ते ६० वयाच्या कामगारांची नोंदणी होते. ती करून घेच, पण तेवढ्यावर थांबू नकोस. फॉर्म भरून देणारी ताई एवढीच तुझी ओळख झाली, तर बायका एकमेकींऐवजी तुझ्याकडे बघू लागतील. मालकिणींशी बोलायला त्यांच्यातल्याच दोघी-तिघींना पुढे कर. सुरुवातीला अडखळतील, तरी मध्ये तोंड घालू नकोस.